मांद्र्यातलं घर आणि माल्टाचा नमुना: परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शाळेचं एक प्रकरण

गोव्यातल्या म्हापशात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर इंग्रजीचा एक क्लास बरीच वर्षं चालतो. चालवणाऱ्या बाई मूळच्या पेडणे तालुक्यातल्या, सगळं शालेय शिक्षण मराठी माध्यमातून, पुढे इंग्रजीत एम. ए. केलेल्या. विद्यार्थी आणि शेजारीपाजारी सगळेच त्यांना ‘टीचर’ म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. क्लासला येणारी मुलं मुख्यतः तीन वाटांनी येतात. काहींना परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असते. काही क्रूझ जहाजांवर नोकरीला निघालेली असतात, त्यांना मार्लिन्स ही जहाजावर काम करणाऱ्यांची इंग्रजीची चाचणी पास व्हायची असते. आणि काही पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात जाण्याच्या बेतात असतात. जागा छोटी आहे, भाडं वाढतं आहे, पण क्लास बाराही महिने भरलेला असतो.

टीचरांचं माहेरचं घर पेडण्याच्याच किनाऱ्यावर, मांद्रे गावात आहे. आईवडील गेल्यापासून बंदच होतं. दुरुस्ती मात्र नीट राखलेली. या घराचं काय करायचं, हा विषय घरात निघाला तेव्हा त्यांच्या बहिणीच्या मुलाने एक प्रस्ताव ठेवला. हा भाचा माल्टात एका हॉटेलात काम करतो. सेंट जुलियन्स आणि स्लीमा या भागांत उन्हाळ्यात इटली, स्पेन, फ्रान्स, जर्मनीतून येणारी शाळकरी पोरं तो रोज बघतो. सकाळी इंग्रजीचे तास, दुपारी समुद्र, संध्याकाळी सहल. त्याचं म्हणणं साधं होतं: “मावशी, तिथे समुद्र, ऊन आणि इंग्रजी एवढ्यावर शाळा चालतात. आपल्याकडे तिन्ही आहे आणि खर्च त्यांच्या निम्मासुद्धा नाही. मांद्र्याच्या घरात खाली वर्ग, वर खोल्या. तू शिकव, मी मुलं आणतो.”

छोट्या शिक्षणसंस्थांचे हिशेब आणि परवाने बघणं हे माझं काम, आणि या कुटुंबाशी जुनी ओळख. त्यामुळे कागद माझ्यासमोर आले. प्रस्ताव ऐकायला इतका सरळ होता की नाही म्हणण्याचं कारण पटकन सापडेना. म्हणून आम्ही आधी हेच बघितलं, की जगात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याचा धंदा नेमका कशावर उभा आहे.

माझं मत आधीच सांगतो. या बाजारात वर्ग विकला जातो असं दिसतं, पण मागणी ठरवतो तो व्हिसा. किती दिवस राहता येईल, काम करता येईल का, पुढच्या शिक्षणाचा रस्ता उघडतो का, हे विद्यार्थी आधी बघतो. शिक्षक किती चांगला हे नंतर. सरकारने एखादा नियम बदलला की चांगल्यातली चांगली शाळा एका हंगामात रिकामी होते, आणि शेजारच्या देशातली मध्यम शाळा भरते.

माल्टाला जमतं ते कशामुळे

माल्टा १९६४ पर्यंत ब्रिटिशांच्या अमलाखाली होता आणि आजही माल्टीसबरोबर इंग्रजी ही तिथली राजभाषा आहे. पण त्याच्या शाळा भरण्याचं कारण तेवढंच नाही. २००४ मध्ये माल्टा युरोपीय संघात गेला आणि २००७ च्या अखेरीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे जिथे एका देशातून दुसऱ्यात जाताना सीमेवर तपासणी नसते अशा युरोपीय देशांच्या गटात. म्हणजे मिलानमधल्या शाळेची पन्नास पोरं विमानात बसवायची तर व्हिसा नको, पासपोर्टही नको, ओळखपत्र पुरतं. आता ब्रिटनकडे बघा. इंग्रजी शिकायला जाण्याचं ते मूळ ठिकाण. ब्रेक्झिटनंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनने युरोपीय नागरिकांची राष्ट्रीय ओळखपत्रं प्रवेशासाठी स्वीकारणं बंद केलं, पासपोर्ट हवाच म्हणाले. युरोपातल्या कितीतरी मुलांकडे पासपोर्ट नसतोच, लागतच नाही. वर्गातल्या चार मुलांना पासपोर्ट काढावा लागला तर शिक्षक सगळी सहलच माल्टाला किंवा आयर्लंडला नेतो. ब्रिटिश शाळांचे शिक्षक तेच होते, पुस्तकं तीच होती. पुढे डिसेंबर २०२३ पासून फ्रेंच शाळांच्या गटांना सवलत मिळाली, पण मधली दोन वर्षं गेली ती गेलीच.

आयर्लंडचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथे युरोपबाहेरचा विद्यार्थी २५ आठवड्यांचा, आठवड्याला किमान १५ तासांचा मान्यताप्राप्त इंग्रजी अभ्यासक्रम घेतो आणि त्याला आठ महिने राहता येतं. शिवाय आठवड्याला २० तास काम करता येतं, ठरलेल्या सुट्टीच्या काळात ४० तास. डब्लिनमध्ये ब्राझीलची मुलं एवढ्या मोठ्या संख्येने दिसतात ती याच नियमामुळे. कॅफेत काम करून खर्च निघतो, कानावर इंग्रजी पडतं, वर्गही होतो. यात फसवणुकीलाही जागा होती. २०१४ आणि २०१५ मध्ये तिथली अनेक खासगी कॉलेजं एकामागून एक बंद पडली, फी भरलेली मुलं रस्त्यावर आली. त्यानंतर सरकारने पात्र अभ्यासक्रमांची वेगळी यादी केली आणि शाळा बुडाली तर विद्यार्थ्याचं काय, याची सोय आधी दाखवायला लावली. ज्या शाळा त्या यादीत टिकल्या, त्याच आज टिकून आहेत.

ऑस्ट्रेलियाने उलट बाजू दाखवली. १ जुलै २०२४ रोजी विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलरवरून थेट १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आणि वर्षभराने २,०००. चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला हा खर्च सोसतो. पाच-सहा महिने इंग्रजी शिकायला येणाऱ्या जपानी किंवा कोलंबियन मुलीला नाही. तिच्या दृष्टीने व्हिसाची फी हाच एक मोठा खर्च होऊन बसतो. त्याच दिवसापासून पर्यटक व्हिसावर आलेल्यांना तिथेच राहून विद्यार्थी व्हिसा मागायची वाटही बंद झाली. इंग्रजी शाळांचे कितीतरी विद्यार्थी नेमके त्याच वाटेने येत असत. परिणाम असा झाला की नाव असलेल्या इंग्रजी शाळांनीही तिथे दारं लावली. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला तिथे असा परवाना लागतच नाही, तरी जो विद्यार्थी आधी भाषा आणि मग कॉलेज असा विचार करून येई, तो दोन्हीकडून थबकला.

भाच्याला हे सगळं पटत होतं, पण त्याने एक चांगला मुद्दा काढला: “फिलिपिन्सचं काय? ते कुठे इंग्रज आहेत?”

मुद्दा खराच चांगला होता, म्हणून त्यावर आम्ही बराच वेळ दिला. सेबू आणि बागिओ इथल्या शाळांत कोरियन मुलं दोन-अडीच दशकांपासून येतात, पुढे जपान आणि तैवानचीही येऊ लागली. शिक्षक सगळे फिलिपिनो. इंग्रजी त्यांची शिकलेली भाषा आहे, आपल्यासारखीच. तरी शाळा चालल्या, कारण त्यांनी वेगळंच गणित मांडलं. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, दिवसाला कितीतरी तास, राहणं-जेवण-कपडे धुणं सगळं एकाच फीमध्ये, आणि विमानाने चार-पाच तासांचं अंतर. कोरियात आठवड्यातून दोन तास गटात शिकणाऱ्याला इथे महिन्याभरात सहा महिन्यांचा सराव मिळतो. कितीतरी शाळांचे मालक कोरियनच होते, त्यामुळे विद्यार्थी आणण्याची साखळी आधीच तयार होती. पण सगळ्यात महत्त्वाचं असं की तिथे सरकारने विशेष अभ्यास परवाना नावाची चीज काढली. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला मान्यताप्राप्त शाळेत शिकायचं असेल तर शाळाच हा परवाना काढून देते. कायद्याने दार उघडलं, मग धंदा आत आला.

मांद्र्यात कोण आहे आणि त्याला काय करता येतं

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात रशियन बोलणाऱ्यांची वस्ती नवी नाही. मोरजीला दुकानांच्या पाट्या, मेनू, भाड्याच्या जाहिराती रशियन लिपीत दिसतात. थंडीचे चार-पाच महिने इथे काढणारी कुटुंबं आहेत, निवृत्त माणसं आहेत. जानेवारी २०२३ पासून मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्याचा हा भाग विमानतळाच्या जवळ आला. यातल्या बऱ्याच लोकांना इंग्रजी हवी असते, आणि ती गोव्यासाठी नव्हे; जगात कुठेही वावरताना लागते म्हणून. म्हणजे मागणी अजिबात नाही असं कुणी म्हणू नये. मागणी आहे.

पण त्यांच्यातले बहुतेक पर्यटक व्हिसावर असतात. ई-टूरिस्ट व्हिसावर काय शिकता येतं याची यादी सरकारने दिलेली आहे: योगाचा छोटा कार्यक्रम, आणि स्थानिक भाषा, संगीत, नृत्य, कला-हस्तकला, स्वयंपाक असे छोटे अभ्यासक्रम. ते औपचारिक नसावेत, सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावेत, आणि त्यांचं पात्रतेचं प्रमाणपत्र किंवा पदविका देता येत नाही. इंग्रजीचा या यादीत नावाने उल्लेख नाही. काही जण म्हणतील, घराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून गप्पा मारत शिकवलं तर कोण विचारतो. मला हे मान्य नाही. विचारलं जातं, आणि विचारलं तेव्हा भोगायला लागतं ते विद्यार्थ्याला. त्याचा पुढचा व्हिसा अडतो. ज्याच्याकडून फी घेतो त्याच्या पासपोर्टची जोखीम आपण घेऊ नये. म्हणून पहिली शिफारस ठरली ती अशी: पणजीतल्या परदेशी नागरिक नोंदणी कचेरीला लेखी विचारायचं, आणि लेखी उत्तर येईपर्यंत फी घेऊन कुणालाही बसवायचं नाही.

प्रमाणपत्राची बंदी धंद्याच्या दृष्टीने दिसते त्यापेक्षा मोठी आहे. युरोपातली शाळा संपताना विद्यार्थ्याच्या हातात पातळी लिहिलेला कागद देते. ए वन ते सी टू ही सहा पायऱ्यांची युरोपीय मोजपट्टी आता जगभर चालते, कंपन्या आणि विद्यापीठं तीच विचारतात. आपण कागदच देऊ शकत नसू तर आपण विकतो ती फक्त सवय आणि सराव. ती विकता येते, पण त्याची किंमत वेगळी लागते.

भाच्याच्या योजनेत एक गोष्ट ठळक होती: किनाऱ्यावर इंग्रज आणि आयरिश माणसंही उतरतात, त्यांच्यातले एक-दोघे शिक्षक म्हणून घेऊ, जाहिरातीत फोटो टाकू. हे तर मी कागदावरून लगेच खोडलं. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याची माहिती कमी असते ते हे: नोकरीच्या व्हिसासाठी किमान पगाराची अट आहे, आधी ती वर्षाला २५ हजार डॉलर अशी होती, पुढे रुपयांत सव्वासोळा लाख अशी लिहिली गेली. या अटीतून परदेशी पदार्थ करणारे आचारी, दुभाषी आणि भाषाशिक्षक यांना सूट आहे. पण भाषाशिक्षकांच्या या सवलतीतून इंग्रजीचे शिक्षक मुद्दाम वगळलेले आहेत. फ्रेंच शिकवायला फ्रेंच माणूस आणता येईल. इंग्रजी शिकवायला इंग्रज आणायचा तर सव्वासोळा लाख मोजावे लागतील. नियम करणाऱ्यांचा विचार मला योग्य वाटतो. इंग्रजी शिकवू शकणारी माणसं या देशात भरपूर आहेत, त्यांचं काम जाऊ नये. मांद्र्यासारख्या ठिकाणी परदेशी चेहरा हेच भांडवल करणाऱ्या शाळेला मात्र याने पहिल्याच दिवशी खीळ बसते.

वर खोल्या दिल्या की आणखी कागद वाढतात. परदेशी पाहुणा राहायला आला की २४ तासांत फॉर्म सी भरून त्याची माहिती नोंदणी कचेरीला कळवावी लागते. घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं तर गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंद हवी. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधीचे जुने चार कायदे जाऊन एकच नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला आहे. त्यात घरमालक आणि शिक्षणसंस्था दोघांवरही माहिती कळवण्याची जबाबदारी आहे. यातलं काहीच अशक्य नाही. गावातले कितीतरी लोक फॉर्म सी रोज भरतात. पण शिक्षिकेने वर्ग सोडून हे करत बसायचं का, हा प्रश्न टीचरांच्या बहिणीने विचारला, आणि तो बरोबर होता.

पैशाचीही एक अडचण. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड-कंपन्यांनी रशियातला कारभार थांबवल्यापासून रशियन बँकांची ती कार्डं इकडे चालत नाहीत. मग लोक रोख देतात. रोख डॉलर घेणं हे अधिकृत विनिमयवाल्याचं काम, क्लासचं नव्हे. फी रुपयांतच घ्यायची, आणि एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख तर घेताच येत नाही. तीन महिन्यांची राहण्याजेवणासह फी एका कुटुंबाकडून एकदम घ्यायची म्हटली तर ही मर्यादा जवळ येते.

सोप्यावरचे धडे

कागदांचं झालं, शिकवण्याचं काय? इथे मला या प्रकरणातली सगळ्यात चांगली बाजू दिसली, आणि ती लिहिल्याशिवाय हा अभ्यास अर्धा राहील. टीचरांनी आजूबाजूला राहणाऱ्या दोन-तीन ओळखीच्या रशियन बायकांना फी न घेता घराच्या सोप्यावर बोलावून बघितलं. शेजारणी म्हणून चहाला याव्यात तशा त्या आल्या.

त्यांच्यातली एक म्हणाली, “आय इंजिनियर. हाउस निअर सी.” रशियनमध्ये वर्तमानकाळात ‘आहे’ म्हणावं लागत नाही, आणि ए, द ही उपपदं त्या भाषेत नाहीतच. इंग्लंडहून आलेला शिक्षक चूक दुरुस्त करील, पण ती कुठून आली हे त्याला स्वतःच्या अनुभवातून कळणार नाही. टीचरांना कळलं, कारण उपपदं मराठीतही नाहीत, आणि मराठी शाळेतून कॉलेजला गेल्यावर त्या स्वतः याच खड्ड्यात पडल्या होत्या. त्यांनी व्याकरणाचं पुस्तक काढलंच नाही. कोपऱ्यात सोललेल्या नारळांचा ढीग होता, त्याच्यासमोर त्या बाईला उभं केलं आणि म्हणाल्या, गिव्ह मी अ कोकोनट. तिने कुठलातरी उचलून दिला. टीचरांनी तो कानाशी हलवून बघितला, हातातच ठेवला आणि म्हणाल्या, द कोकोनट इज ड्राय. मग पुन्हा, अ कोकोनट. ती बाई ढिगाकडे गेली. द कोकोनट. ती टीचरांच्या हातातल्याकडे वळली. सात-आठ वेळा असं झाल्यावर ती स्वतःच थांबली आणि हसून पहिलं वाक्य दुरुस्त केलं: “आय ॲम ॲन इंजिनियर. द हाउस इज निअर द सी.”

दुसरी गोष्ट व्ही आणि डब्ल्यूची. रशियन माणसाला वाइन आणि व्हाइन यातला फरक तोंडात येत नाही. मराठी माणसालाही सहज येत नाही, लिहिताना ‘व’ आणि ‘व्ह’ वेगळे काढले तरी बोलताना आपण अनेकदा दोन्हीला ‘व’च लावतो. टीचरांनी ओठांसमोर तळहात धरायला लावला. व्हीला खालचा ओठ दातांना लागतो आणि वारा घासत बाहेर येतो. डब्ल्यूला ओठ गोल होतात, दात लागतच नाहीत. ही युक्ती त्यांनी पंचविशीत आरशासमोर बसून स्वतःसाठी शोधली होती.

बाजार अशा शिक्षकाला कमी लेखतो. जाहिरातीत जन्माने इंग्रजी बोलणारा गोरा चेहरा लागतो, आणि हा पूर्वग्रह रशिया, कोरिया, ब्राझील सगळीकडे आहे. फिलिपिन्सच्या शाळांना तो पार करायला वर्षं लागली, तासाची किंमत कमी ठेवावी लागली. माझ्या मते टीचरांचं कौशल्य खरं मोलाचं आहे. प्रश्न एवढाच, की ते कुठल्या दारातून विकायचं.

जागा-आठवड्यांचा हिशेब

या व्यवसायात मोजण्याचं एकक विद्यार्थी नसून विद्यार्थी-आठवडा असतं. एक मुलगा दोन आठवडे आला आणि दुसरी चोवीस आठवडे राहिली, तर दोघांना एक-एक मोजून काही कळत नाही. आम्ही तसाच हिशेब मांडला. समजा मांद्र्याला दहा जणांचा एकच वर्ग. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे साधारण वीस आठवडे. पूर्ण भरला तरी २०० विद्यार्थी-आठवडे. नव्या शाळेने निम्मा भरला तरी पुष्कळ, म्हणजे १००. तिकडे म्हापशात दहाच जणांचा एक वर्ग वर्षाला ४८ आठवडे चालतो, आणि ७० टक्के भरलेला धरला तरी ३३६.

म्हणजे मांद्र्याने म्हापशाइतकं उत्पन्न द्यायचं तर परदेशी विद्यार्थ्याची आठवड्याची फी स्थानिकाच्या जवळजवळ साडेतीनपट हवी. भाचा एकटा मुलं आणू शकला नाही आणि एजंट लागले, तर ते साधारण १५ ते ३० टक्के कमिशन घेतात. २५ टक्के धरले तर फी साडेचारपट होते. त्यावर उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की १८ टक्के जीएसटी, आणि विद्यार्थी इथे बसून शिकतो म्हणून त्याला निर्यातीची सवलत नाही. पावसाळ्यात घर रिकामं, पण कौलं, वायरिंग आणि राखणदार यांचा खर्च चालूच. या किमतीला पोचल्यावर आपण स्वस्त राहत नाही. आणि स्वस्ताई हाच तर प्रस्तावाचा कणा होता.

हिशेब बघून भाचा म्हणाला, “म्हणजे सोडूनच द्यायचं?” टीचरांनी उत्तर दिलं ते मला फार आवडलं: “अरे, घर सोडायचं नाही आणि शिकवणंही सोडायचं नाही. दोन्ही एकाच छपराखाली कशाला हवं?”

मग काय ठरलं

घर पर्यटन खात्यात रीतसर नोंदवून हंगामात कुटुंबांना भाड्याने द्यायचं. ते काम टीचरांची बहीण बघणार. त्याला इंग्रजी शाळेचं लेबल लावायचं नाही.

परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायचं ते ऑनलाइन, आणि मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबर, जेव्हा ही माणसं आपापल्या घरी असतात. विद्यार्थी भारताबाहेर असला आणि फी परकीय चलनात बँकेतून आली, तर ती सेवेची निर्यात ठरते; हमीपत्र भरून कर न लावता करता येते. व्हिसा नको, फॉर्म सी नको. प्रमाणपत्राची अडचणही उरत नाही. रशियातून थेट पैसे येणं अवघड आहे, म्हणून सुरुवात कझाकस्तान, जॉर्जिया, सर्बिया अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या रशियन भाषकांपासून करायची. शेजारच्या त्या बायकांच्या ओळखीचे बरेच जण तिकडे आहेत. यात खडतर भाग आहे तो स्पर्धेचा. २०२० नंतर जगभरचे शिक्षक ऑनलाइन आले, तासाला अगदी थोडक्यात शिकवणारे लाखो आहेत. २०२१ मध्ये चीनने परदेशातल्या शिक्षकांकडून शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेणं बंद केल्यावर त्या बाजारातले शिक्षकही इतर देशांचे विद्यार्थी शोधू लागले. नुसता बोलण्याचा सराव तर आता मोबाइलमधला कृत्रिम बुद्धिमत्तेचा संवादी ॲपही करून घेतो, मध्यरात्रीसुद्धा. म्हणून टीचरांनी ‘इंग्रजी संभाषण’ विकायचं नाही, असा माझा आग्रह होता. त्यांनी विकायचं ते रशियन भाषकांच्या ठरलेल्या चुका मुळापासून काढून देणं, चार जणांच्या गटात, ठरलेल्या आठवड्यांत. त्या कामात त्या खरोखर तरबेज आहेत आणि ॲप अजून तेवढा नाही.

पण सर्वांत जास्त वाढ मला दिसते ती म्हापशाच्या त्याच जुन्या वर्गात, आणि गंमत नव्हे, तिथेही कारण व्हिसाच आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनला जात. स्विंडनला गोवेकरांची मोठी वस्ती झाली ती यातूनच. तेव्हा इंग्रजीची परीक्षा कुणी विचारत नव्हतं, कारण युरोपीय नागरिकाला मुक्त प्रवेश होता. ३१ डिसेंबर २०२० ला तो संपला. आता नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही कामाचा व्हिसा लागतो, आणि ८ जानेवारी २०२६ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी इंग्रजीची पातळी बी वनवरून बी टू झाली आहे. बी वन आणि बी टू यांत कागदावर एक पायरी दिसते, प्रत्यक्षात ती कित्येक महिन्यांच्या अभ्यासाची आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीतून मराठी शाळांत शिकून येणाऱ्या मुलांना ती पायरी चढवून देणारी माणसं फार थोडी आहेत. बाहेरून विद्यार्थी आणायच्या नादात दाराशी उभी असलेली ही मुलं दुर्लक्षित होऊ नयेत, हे मी टीचरांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी शेजारचा गाळा भाड्याने घेऊन बी टूचा वेगळा वर्ग सुरू करायचं ठरवलं आहे.

भाच्याचं समाधान पूर्ण झालेलं नाही आणि त्याच्या एका म्हणण्यात तथ्य आहे. परदेशी माणसं इंग्रजीसाठी भारतात येतच नाहीत असं नाही. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठात आफ्रिका, मध्य आशिया, लॅटिन अमेरिकेतले अधिकारी आणि विद्यार्थी येतात. यात १९६४ पासून चालणाऱ्या, इतर देशांतल्या लोकांना भारतात प्रशिक्षण देणाऱ्या आयटेक योजनेचा मोठा हात आहे, खर्च भारत सरकार करतं. पुण्यात तर परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी बघूनच १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली, आणि येमेन, इराण, सुदानची मुलं पदवीच्या आधी तिथे इंग्रजी पक्की करत आली आहेत. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: पाठीशी मान्यताप्राप्त संस्था आहे, त्यामुळे विद्यार्थी व्हिसा मिळतो, प्रमाणपत्रही मिळतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या स्टडी इन इंडिया उपक्रमाच्या संकेतस्थळावरून आता ई-स्टुडंट व्हिसाही मागता येतो, मात्र प्रवेश त्या यादीतल्या संस्थेचा हवा.

म्हणून त्याला मी सुचवलं की ‘मुलं आणण्याचा’ उत्साह खासगी घराऐवजी तिकडे वळवावा. गोव्यातल्या एखाद्या विद्यापीठाने किंवा स्वायत्त महाविद्यालयाने डिसेंबर ते मार्चचा इंग्रजीचा पूर्वतयारी वर्ग काढला, तर समुद्र आणि ऊन दोन्ही कामाला येईल, आणि टीचरांसारख्या शिक्षकांना तासाप्रमाणे तिथे शिकवता येईल. तसा दोन पानी प्रस्ताव भाचा आणि मी मिळून लिहितो आहोत. त्यात फीपेक्षा आधी व्हिसाचा प्रकार, प्रमाणपत्राची पातळी, राहण्याची सोय आणि संस्था मागे हटली तर विद्यार्थ्याचे पैसे कसे परत मिळतील, ही चार कलमं घातली आहेत. नोंदणी कचेरीला पाठवायच्या पत्राचा मसुदा टीचरांनी स्वतः केला, इंग्रजीत, आणि त्यात एकही उपपद चुकलेलं नव्हतं. पत्र गेलं आहे. उत्तर काय येतं त्यावर सोप्यावरचे धडे फी घेऊन सुरू करायचे की नाहीत ते ठरेल.